प्लॅटिनमची काटकसर

१२ एप्रिल २०१६ च्या पहाटे मिरजेहून निघालेली पाण्याची गाडी लातूर स्थानकात आली. दहा वाघिणी, दरेकीत पन्नास हजार लिटर. मार्चमध्येच पाणवठ्यांभोवती जमावबंदी लावायची वेळ आलेल्या शहरात पाच लाख लिटर पाणी म्हणजे काय, हे लातूरकराला सांगायला नको. त्याच २०१६ साली पुण्यात, पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, एका वेगळ्या कामाला सुरुवात झाली. एनसीएलचे डॉ. आशिष लेले, तमिळनाडूतल्या कारैकुडीच्या केंद्रीय विद्युतरासायनिक संशोधन संस्थेचे डॉ. गोपुकुमार आणि पुण्याची केपीआयटी कंपनी एकत्र आली. मोटारीत बसेल असा हायड्रोजनचा इंधनघट भारतातच बनवायचा, असे ठरले.

या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. तरी मराठवाड्यातल्या माणसाला त्या शेजारी ठेवून पाहाव्याशा वाटतात. इंधनघटाची कल्पना जुनी आहे, यंत्र साधे आहे, इंधन विश्वात सगळ्यात मुबलक आहे. अडले ते एका धातूपाशी. इंधनघटाचा पावणेदोनशे वर्षांहून जुना इतिहास हा प्लॅटिनमच्या टंचाईचा आणि ते कमीत कमी कसे वापरावे याचा इतिहास आहे.

घटाच्या एका बाजूला हायड्रोजन येतो, दुसऱ्या बाजूला हवा. मध्ये प्लास्टिकच्या कागदाएवढा पातळ पडदा. हायड्रोजनचा रेणू फुटला की त्याचे धनभारित प्रोटॉन पडद्यातून पलीकडे जातात. इलेक्ट्रॉनना ती वाट बंद असते, ते तारेतून फिरून जातात आणि जाता जाता मोटार चालवतात. पलीकडे ऑक्सिजनशी गाठ पडली की पाणी होते. ज्योत नाही, धूर नाही. पण साठ-सत्तर अंश तापमानाला हे रेणू आपणहून फुटत नाहीत. त्यांना टेकायला, ताणायला आणि सोडून द्यायला एक पृष्ठभाग लागतो. तो पुरवणारा पदार्थ म्हणजे उत्प्रेरक. आम्लाच्या सान्निध्यात वर्षानुवर्षे टिकून हे काम प्लॅटिनमइतके चांगले करणारा दुसरा धातू अजून सापडलेला नाही.

प्लॅटिनमचा हा गुण पहिल्यांदा ठळकपणे दिसला तो जर्मनीतल्या येना गावी. १८२३ साली योहान डोबरायनर या रसायनशास्त्रज्ञाने स्पंजासारख्या सच्छिद्र प्लॅटिनमवर हायड्रोजनचा झोत सोडला. धातू लालबुंद झाला आणि वायूने पेट घेतला. काडी नाही, ठिणगी नाही. त्यावरून त्याने दिवा पेटवायचे एक उपकरण केले आणि काड्यापेट्या सर्रास मिळायच्या आधीच्या काळात ते युरोपातल्या घरांतून वापरात आले.

पुढची पायरी ओलांडली ती विल्यम ग्रोव्ह या वकिलाने. वेल्समधल्या स्वान्सीचा हा माणूस पुढे न्यायाधीश झाला, पण त्याचा जीव रमायचा विजेच्या प्रयोगांत. १८३९ साली त्याने प्लॅटिनमच्या पट्ट्या अर्ध्या गंधकाम्लात आणि अर्ध्या वायूंच्या नळ्यांत ठेवल्या. एका नळीत हायड्रोजन, दुसरीत ऑक्सिजन. गॅल्व्हानोमीटरचा काटा हलला. त्याच सुमारास बाझलमध्ये क्रिस्टियान शोनबाइनलाही हाच परिणाम दिसला होता. ग्रोव्हची खरी थोरवी मला दिसते ती १८४२ च्या त्याच्या निरीक्षणात. वायू, आम्ल आणि प्लॅटिनम ही तिन्ही जिथे एकत्र भेटतात, तेवढ्याच जागी काम होते, हे त्याने ओळखले. पट्टीचा जो भाग आम्लात खोल बुडाला आहे तो वाया, आणि जो कोरडा वायूत उभा आहे तोही वाया. उपयोगाची जागा म्हणजे दोन्हींच्या सीमेवरची बारीक रेघ. ही रेघ लांबवायची कशी, यावर पुढची दीडशे वर्षे खर्ची पडली.

१८८९ मध्ये लुडविग माँड आणि कार्ल लँगर यांनी द्रव सच्छिद्र थरात शोषून घेऊन आणि काळ्या प्लॅटिनमचा बारीक चूर्णासारखा लेप देऊन ती रेघ बरीच वाढवली. वीजही चांगली मिळाली. पण प्लॅटिनमचा हिशेब मांडल्यावर हे यंत्र व्यापारात टिकणारे नाही, हे उघड होते. त्यानंतर बराच काळ इंधनघट मागे पडला. कोळसा आणि डायनामो यांनी जग चालवले.

तो परत आला तो अवकाशात जाण्यासाठी. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये टॉमस ग्रबने १९५५ साली द्रव आम्लाऐवजी घन बहुवारिकाचा, म्हणजे पॉलिमरचा, पडदा वापरला आणि लेनर्ड निड्राकने त्यावर प्लॅटिनम बसवण्याची रीत शोधली. २१ ऑगस्ट १९६५ रोजी जेमिनी-५ हे यान गॉर्डन कूपर आणि पीट कॉनरॅड यांना घेऊन निघाले, तेव्हा त्यातली वीज इंधनघटांची होती. उड्डाणानंतर काही तासांतच ऑक्सिजनच्या टाकीचा दाब भलताच उतरला. मोहीम गुंडाळावी लागते की काय, अशी वेळ आली. घट मात्र कमी दाबावरही चालत राहिले आणि आठ दिवसांची मोहीम पुरी झाली.

त्या घटांत दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ३५ मिलिग्रॅम प्लॅटिनम होते. आकडा लहान दिसतो, म्हणून हिशेब करून पाहू. छोट्या मोटारीला दहा किलोवॅटचा घट लागतो असे धरा. एका चौरस सेंटीमीटरमधून अर्धा वॅट मिळतो असे धरले, तर वीस हजार चौरस सेंटीमीटर क्षेत्र लागेल. जेमिनीच्या दराने त्यात सातशे ग्रॅम प्लॅटिनम जाईल. यानाला ते परवडते, कारण तिथे किंमत विचारायची नसते. मोटारीला परवडत नाही.

हे वजन शंभर पटींनी खाली आले ते न्यू मेक्सिकोतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत, आणि माझ्या मते या सगळ्या कहाणीतला हा सगळ्यात देखणा टप्पा आहे. तोवर प्लॅटिनमचे चूर्ण सरळ पडद्यावर थापले जाई. त्यातले बहुतेक कण एकतर वायूपासून लांब, नाहीतर पडद्यापासून लांब. म्हणजे ग्रोव्हच्या भाषेत कोरडे किंवा बुडालेले. १९८६ च्या सुमारास इयन रेस्ट्रिक यांनी प्लॅटिनम आधी कार्बनच्या भुकटीवर बारीक कणांच्या रूपात बसवून, त्या थरात पडद्याच्याच बहुवारिकाचे द्रावण मुरवले. प्रत्येक कणापर्यंत प्रोटॉनला पायवाट मिळाली. श्रीलंकेत जन्मलेल्या सुप्रमण्यम श्रीनिवासन यांच्या गटाने ही पद्धत पुढे नेली, आणि १९९२ मध्ये मॅलन विल्सन आणि शिमशॉन गॉट्सफेल्ड यांनी कार्बन, प्लॅटिनम व बहुवारिक एकत्र घोटून त्याची शाईच केली आणि तिचा काही मायक्रॉन जाडीचा थर दिला. लातूरच्या ऊसवाल्याला हे लगेच कळेल: पाटाने सारे शेत भिजवणे सोडून ठिबकने मुळाशी थेंब देण्यासारखे आहे. पाणी कमी, पीक तेवढेच. चौरस सेंटीमीटरला ३५ मिलिग्रॅमवरून आधी ०.४ आणि मग त्याच्याही खाली. आपल्या हिशेबातले सातशे ग्रॅम आठ ग्रॅमवर आले.

भारतापुरते पाहिले, तर ही काटकसर आपल्यासाठी निकडीची आहे. जगातले बहुतांश प्लॅटिनम एकट्या दक्षिण आफ्रिकेतून निघते. आपल्याकडे ओडिशातल्या बाउला-नुआसाही भागात आणि कर्नाटकात प्लॅटिनम गटाच्या धातूंचे अंश सापडले आहेत, पण बाजाराला पुरवठा करील अशी खाण नाही. तेल आयात करणाऱ्या देशाने तेल सोडून प्लॅटिनम आयात करायला लागावे, यात फारसे शहाणपण नाही.

एनसीएलचे उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी झाले. तिचे पहिले संचालक जेम्स मॅकबेन हे पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रातले मोठे नाव. वायू घन पदार्थाच्या अंगाला कसे चिकटतात, यावर त्यांनी आयुष्य घालवले होते. पुढे १९८०च्या दशकात पॉल रत्नसामी यांच्या गटाने झिओलाइट या स्फटिकी पदार्थांपासून असे उत्प्रेरक तयार केले की भारतातल्या कारखान्यांनी ते उचलले. परदेशी उत्प्रेरकाची गोणी विकत घेऊन संयंत्रात ओतायची, एवढेच इथल्या रसायन उद्योगाला माहीत होते. ती सवय मोडायला सुरुवात इथे झाली. इंधनघटाचे काम आले तेव्हा ही मुळे खोल गेलेली होती, हे विसरून चालणार नाही.

२००० च्या सुमारास डॉ. रघुनाथ माशेलकर वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे, म्हणजे सीएसआयआरचे, महासंचालक असताना प्रयोगशाळा आणि उद्योग यांना एका दावणीला बांधणारी योजना निघाली. तिचे लांबलचक इंग्रजी नाव बाजूला ठेवू. सगळे तिला निमितली म्हणतात. इंधनघटाचे संशोधन या योजनेत रुजले. एनसीएलमध्ये डॉ. विजयमोहनन पिळ्ळै आणि डॉ. श्रीकुमार कुरुंगोट उत्प्रेरकांवर, डॉ. उल्हास खरुल पडद्यांवर, लेले बहुवारिके आणि घटाच्या अभियांत्रिकीवर, असे हळूहळू एक घराणे तयार झाले.

या प्रयोगशाळेत उत्प्रेरक कसा बनतो, ते जवळून पाहण्यासारखे आहे. क्लोरोप्लॅटिनिक आम्ल हे नारिंगी-पिवळे द्रावण. ते इथिलीन ग्लायकॉलमध्ये मिसळायचे, त्यात काजळीसारखा बारीक कार्बन ढवळायचा आणि सुमारे १४० अंशांवर काही तास तापवायचे. ग्लायकॉल प्लॅटिनमला धातुरूपात आणते आणि नारिंगी रंग जाऊन सगळे काळे होते. मग गाळणे, धुणे, पुन्हा धुणे, सुकवणे. हाती येते ती चिमूटभर काळी भुकटी. साध्या डोळ्यांना तिच्यात आणि काजळीत फरक दिसत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मात्र करड्या कार्बनवर गडद ठिपके दिसतात, दोन-तीन नॅनोमीटरचे. कण एवढा लहान का हवा? तीन नॅनोमीटरच्या कणात साधारण चाळीस टक्के अणू पृष्ठभागावर असतात, म्हणजे कामाला लागतात. कण मोठा झाला की आतले अणू नुसते बसून राहतात, आणि पैसे त्यांचेही मोजलेले असतात.

यापुढे येते रचना, आणि कुरुंगोट यांच्या गटाचे काम मला भावते ते इथे. कार्बनचे काही अतिसूक्ष्म तंतू पोकळ नळीसारखे असतात. प्लॅटिनम त्यांच्या बाहेरच्या अंगाला बसते आणि आतली भिंत मोकळी राहते. २००९ मध्ये या गटाने आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही भिंतींवर प्लॅटिनम बसवलेले तंतू तयार केले. त्यासाठी द्रावण त्या अतिबारीक नळीत शिरेल असे त्याचे गुण जुळवावे लागतात. पुढे याच गटाने प्लॅटिनम मुळीच नको, अशा वाटाही चाचपल्या: नायट्रोजन पेरलेले ग्राफीन, लोहाचे विखुरलेले अणू. या वाटांवर अजून चालणे बाकी आहे. आम्लात प्लॅटिनमइतके टिकणे त्यांना जड जाते.

अशा कामाकडे आपल्या भागातली मुलेही वळतात. नांदेडला विष्णुपुरीत स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ १९९४ साली सुरू झाले. त्याआधी इकडच्या मुलांना पदवीनंतरच्या रसायनशास्त्रासाठी औरंगाबादच्या विद्यापीठाकडे पाहावे लागे. आज नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांतून एमएस्सी झालेला विद्यार्थी सीएसआयआरची नेट ही परीक्षा देतो, जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली की पुण्याची गाडी धरतो. लातूर पॅटर्न म्हटले की लोकांना बारावीचे गुण आणि डॉक्टर-इंजिनिअर आठवतात. चिमूटभर काळ्या भुकटीसाठी पाच वर्षे देणाऱ्या मुलामुलींचे कौतुक मात्र गावात कमी होते. ते व्हायला हवे. काय करतोस, या नातेवाइकांच्या प्रश्नाला त्यांच्याकडे सोपे उत्तर नसते. पण पुढे पुण्यात गाडी धावली ती असल्याच कामाच्या जोरावर.

दरम्यान जगात सिद्धान्त पुढे गेला होता. घटातले खरे दुखणे हायड्रोजनच्या बाजूला नाही, ऑक्सिजनच्या बाजूला आहे. बहुतेक प्लॅटिनम तिथेच लागते. २००४ मध्ये डेन्मार्कचे येन्स नोर्स्कोव्ह आणि सहकारी यांनी गणिताने दाखवले की प्लॅटिनम ऑक्सिजनला गरजेपेक्षा किंचित घट्ट धरते. पकड थोडी सैल झाली तर काम वेगाने होईल. २००७ मध्ये स्टॅमेन्कोविच आणि मार्कोविच यांनी प्लॅटिनम-निकेलचा एक नेमका घडवलेला स्फटिक मोजला. वर प्लॅटिनमचा थर आणि त्याच्या खाली निकेल, अशा रचनेत तो शुद्ध प्लॅटिनमच्या तशाच पृष्ठभागापेक्षा दहापट चपळ निघाला. खालच्या धातूने वरच्याचा स्वभाव बदलला. डिसेंबर २०१४ मध्ये टोयोटाने मिराई विकायला काढली तेव्हा तिच्या घटात प्लॅटिनम-कोबाल्टचे मिश्रण होते. तोवर उत्प्रेरक योगायोगाने हाती लागत असत. इथून पुढे ते आधी कागदावर आखून मग भट्टीत उतरू लागले.

पुण्यातल्या गाडीची परीक्षा १० ऑक्टोबर २०२० रोजी झाली. टाळेबंदीच्या सावटातच एनसीएलच्या आवारात ही चाचणी पार पडली, म्हणून बातमीही लहानच आली. विजेवर चालणाऱ्या मोटारीत बदल करून त्यात दहा किलोवॅटचा देशी घट बसवला होता. घट ६५ ते ७५ अंशांवर चालतो. टाकीत सुमारे ३५० बार दाबाखाली पावणेदोन किलो हायड्रोजन, आणि तेवढ्यावर साठ-पासष्टच्या वेगाने अंदाजे अडीचशे किलोमीटर पल्ला. पडदा आणि उत्प्रेरक यांच्या जोडणीचे ज्ञान प्रयोगशाळांचे. एकावर एक घट रचताना मध्ये लागणाऱ्या अतिपातळ धातूच्या पट्ट्या, नियंत्रण आणि बाकीची यंत्रणा केपीआयटीची. त्या पट्ट्यांनी घटाचे वजन जवळजवळ दोन तृतीयांशाने कमी केले. २१ ऑगस्ट २०२२ रोजी केंद्रीय मंत्री डॉ. जितेंद्र सिंह यांनी पुण्यात हायड्रोजन बसचे अनावरण केले. जेमिनी-५ उडाल्याला त्या दिवशी बरोबर सत्तावन्न वर्षे झाली होती. बत्तीस आसनांची वातानुकूलित बस, तीस किलो हायड्रोजनवर साडेचारशे किलोमीटर. पुणे ते नांदेड अंतर साधारण तेवढेच आहे.

आता हायड्रोजन आणायचा कुठून, हा आपल्या भागाचा प्रश्न. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने हरित हायड्रोजन मोहिमेला १९,७४४ कोटी रुपये मंजूर केले आणि त्याच वर्षी राज्याचेही धोरण आले. या योजनांचा भर पाण्याचे विद्युत विघटन करण्यावर आहे. एक किलो हायड्रोजनला निव्वळ रासायनिक हिशेबानेच नऊ लिटर शुद्ध पाणी लागते. प्रत्यक्षात शुद्धीकरण आणि थंड करणे धरून ते वाढते. कोकणकिनाऱ्याला हा आकडा मोठा नाही. मांजरा धरणाच्या भरवशावर बसलेल्या लातूरने मात्र तो दोनदा वाचावा. सौर पट्ट्या इथे भरपूर उभ्या राहतील, ऊन उदंड आहे. पण उन्हाबरोबर पाणीही मागणारा उद्योग इथे डोळे मिटून आणू नये, असे मला ठामपणे वाटते.

दुसरी वाट शेतातून जाते. पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेने केपीआयटीशी निगडित सेंटिएंट लॅब्सबरोबर पिकांच्या अवशेषांपासून हायड्रोजन मिळवण्याची पद्धत विकसित केली. निवडलेल्या सूक्ष्मजीवांचा समूह भात, गहू, मका यांचा काडीकचरा रासायनिक प्रक्रियेशिवाय कुजवतो. पहिल्या टप्प्यात हायड्रोजन, दुसऱ्यात मिथेन, आणि त्या मिथेनपासूनही पुन्हा हायड्रोजन काढता येतो. आपल्याकडे सोयाबीनचे भुसकट आहे, उसाचे पाचट आहे. कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या लाकडासारख्या टणक, त्यांना सूक्ष्मजीव सहज दाद देणार नाहीत. पण पाचट अजूनही बांधावर पेटवले जाते, तिथून आरंभ करता येईल.

इथे गोष्ट पुन्हा प्लॅटिनमपाशी येते. मिथेनपासून काढलेल्या हायड्रोजनमध्ये कार्बन मोनॉक्साइड उरतो. तो प्लॅटिनमला असा चिकटतो की हायड्रोजनला जागाच राहत नाही. मोटारीच्या घटासाठीचे आंतरराष्ट्रीय मानक दहा लाखांत ०.२ भाग इतकाच मोनॉक्साइड चालवून घेते. एवढी सफाई मोठ्या संयंत्रात शक्य आहे. तालुक्याच्या ठिकाणी, साखर कारखान्याच्या आवारात ती महाग पडेल. याला एक उतारा खरुल यांनी ज्यावर अनेक वर्षे काम केले त्या प्रकारच्या पडद्यांत आहे. पॉलिबेन्झिमिडाझोल या बहुवारिकाचा पडदा फॉस्फोरिक आम्लात मुरवला की घट १६० अंशांच्या पुढे चालतो. एवढ्या उष्णतेत मोनॉक्साइडची पकड ढिली होते आणि टक्का-दोन टक्के भेसळही घट सहन करतो. असा घट मोटारीपेक्षा एका जागी उभा राहून वीज देण्याला जास्त शोभतो: दवाखाना, दूधसंकलन केंद्र, मोबाइलचा मनोरा. भारनियमन भोगलेल्या गावांना त्याचा उपयोग समजावून सांगावा लागणार नाही.

फक्त त्यातले फॉस्फोरिक आम्ल प्लॅटिनमच्या अंगाला स्वतःच चिकटते आणि ऑक्सिजनची जागा अडवते. ती तूट भरायला चौरस सेंटीमीटरला एक मिलिग्रॅमच्या आसपास प्लॅटिनम घालावे लागते. लॉस अलामॉसने ०.४ वर आणलेला आकडा पुन्हा दुपटीहून वर जातो. पाचटापासून वीज हवी असेल तर त्या आम्लात काम करणारा, कमी प्लॅटिनमचा उत्प्रेरक कुणीतरी आखून, घडवून, हजारो तास चालवून दाखवावा लागेल, आणि ते काम अजून मोकळे आहे.